जेथ्रो टल ऐकणारं कोणी आहे का इथे?

रेघोट्या

मागच्या रविवारी भाचा आला होता. कानात बोंडं, मान वरखाली. काय ऐकतोस विचारलं तर म्हणाला, "मेटॅलिका. तुला नाही झेपणार मामा." म्हटलं, बाबा रे, तुझ्या या मेटॅलिकाला एका बासरीवाल्यानं हरवलंय, तेही हेवी मेटलच्याच बक्षिसात. त्याला वाटलं मामा फेकतोय. मग मोबाइलवर शोधलं आणि गप्प बसला. तेव्हापासून माझ्या डोक्यात टल, म्हणजे तो ब्रिटिश रॉक बँड जेथ्रो टल, वाजतंय, म्हणून हा धागा.

घटना फेब्रुवारी १९८९ ची. ग्रॅमीवाल्यांनी हार्ड रॉक आणि मेटल यांची एकत्र मोट बांधून त्या वर्षी पहिल्यांदाच एक पुरस्कार ठेवला. नामांकनात मेटॅलिका, एसी/डीसी, इगी पॉप, जेन्स ॲडिक्शन आणि जेथ्रो टल. मेटॅलिकाच जिंकणार हे सगळ्यांनी धरलेलंच होतं. त्या रात्री ते मंचावर वाजवूनही गेले होते. ॲलिस कूपर आणि लिटा फोर्डनं पाकीट उघडलं, नाव निघालं जेथ्रो टल, आणि सभागृहात हुर्यो उडाली. पुरस्कार घ्यायला टलमधलं कोणी आलंच नव्हतं. तुम्हाला काही मिळायचं नाही, कशाला उगाच येता, असं त्यांच्याच रेकॉर्ड कंपनीनं सांगितलेलं. पुढे त्याच कंपनीनं जाहिरात छापली: 'द फ्लूट इज अ हेवी, मेटल इन्स्ट्रुमेंट'. हेवी आणि मेटलच्या मधला तो स्वल्पविराम ज्याला सुचला त्याला माझा दंडवत.

टलची सगळी कहाणी त्या हुर्योत आहे असं मला वाटतं. यांना ज्या फडताळात ठेवलं, त्या फडताळाचे मालक येऊन म्हणाले, हे आमचं नव्हे.

थोडं मागे जातो. टलचा गायक-बासरीवाला इयन अँडरसन याचा जन्म १९४७ चा, स्कॉटलंडमधल्या डनफर्मलिनचा. पोरवयात बिऱ्हाड ब्लॅकपूलला आलं, तिथं शाळासोबत्यांबरोबर बँड काढला, आणि १९६७ च्या अखेरीला मंडळी लंडनजवळच्या लूटनला येऊन पडली. खिशात दमडी नाही. एकदा वाजवलेल्या क्लबातून पुन्हा बोलावणं येईना, म्हणून दर खेपेला नवं नाव घेऊन जायचे. बुकिंग एजन्सीतल्या कुणा इतिहासाच्या शौकिनानं एकदा अठराव्या शतकातल्या एका शेतीतज्ज्ञाचं नाव चिकटवलं, नेमकं त्याच नावाला पुन्हा आमंत्रण आलं, आणि ते कायमचं राहिलं. १९६८ च्या पहिल्या तबकडीवर ते 'जेथ्रो टो' असं छापलं गेलं, म्हणजे सुरुवातच मुद्रणदोषानं.

अँडरसन मूळचा गिटारवाला. एरिक क्लॅप्टनला ऐकल्यावर त्याच्या लक्षात आलं की या रांगेत आपला नंबर काही लागत नाही. मग गिटार देऊन बदल्यात एक बासरी आणि एक माइक घेतला. (ती गिटार आधी लेमीची होती. हो, तोच, पुढचा मोटरहेडवाला.) शिकवायला कोणी नाही. वाजवता वाजवता घशातून गुणगुणायचं, फुंकरीचा फसफसाट लपवायचा नाही, मध्येच खाकरायचं, दम लागला तर तोही ऐकू द्यायचा. फ्लूटच्या वर्गात ज्या ज्या गोष्टींसाठी कान पिळतात, त्या सगळ्या यानं मंचावर केल्या. अमेरिकन जॅझवाला रोलंड कर्क असं वाजवायचा, आणि त्याची एक रचना टलच्या पहिल्याच अल्बमवर, 'दिस वॉज'वर आहे.

तो अल्बम ब्लूजचा. गिटारिस्ट मिक अब्राहम्सला ब्लूजच करायचा होता, अँडरसनला नव्हता, म्हणून वर्ष संपायच्या आत अब्राहम्स बाहेर. मार्टिन बार आला आणि पुढे चाळीसेक वर्षं राहिला. १९६९ चा 'स्टँड अप' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. त्यात बाखची ल्यूटवरची बूरे (एक जुन्या नाचाची धून) जॅझच्या झोक्यात वाजवलीय. ब्लूजवाले म्हणाले, हे आमचं नव्हे.

मग मार्च १९७१, 'ॲक्वालंग'. आजवर सत्तर लाखांच्या वर प्रती गेल्या म्हणतात. अँडरसनची तेव्हाची बायको जेनी हिनं थेम्सच्या काठावरच्या बेघर माणसांचे फोटो काढले होते, त्यातून शीर्षकगीत निघालं. काही ओळी तिच्याच आहेत. तबकडीची दुसरी बाजू बरीचशी देव आणि देवळाचे ठेकेदार यांच्यावर. शेवटच्या गाण्यातला देव म्हणतो, मी काही फक्त रविवारी चावी द्यायचं खेळणं नाही. समीक्षकांनी लगेच शिक्का मारला: कन्सेप्ट अल्बम, म्हणजे सगळी गाणी एकाच कल्पनेभोवती गुंफलेली! अँडरसन सांगत राहिला की अरे नाही, दोन-चार गाणी एका विषयावर आहेत, बास. कोणी ऐकेना.

मग त्यानं ठरवलं, कन्सेप्ट पाहिजे ना, घ्या. 'थिक ॲज अ ब्रिक', १९७२. सबंध तबकडीवर एकच गाणं, त्रेचाळीस मिनिटांच्या वर, आणि तबकडी उलटायची म्हणून मध्ये तेवढी एक फट. कविता म्हणे जेराल्ड बॉस्टॉक नावाच्या आठ वर्षांच्या पोरानं लिहिली. वेष्टन म्हणजे बारा पानांचं खेडवळ वर्तमानपत्र: गावच्या बातम्या, शब्दकोडं, ठिपके जोडा, सगळं. संगीतापेक्षा त्या वर्तमानपत्राला जास्त वेळ लागला असं अँडरसनच सांगतो. आणि मजा अशी की थट्टा म्हणून केलेली ही वस्तू अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली, आणि जेराल्ड खरंच कुठेतरी आहे असं मानणारे भक्त निर्माण झाले. प्रोग रॉकची, म्हणजे असल्या लांबलचक, गुंतागुंतीच्या रॉकची, टिंगल करायला गेलेल्या माणसाला लोकांनी प्रोग रॉकच्याच गाभाऱ्यात नेऊन बसवलं.

पुढच्या अल्बमचं, 'अ पॅशन प्ले'चं, रामायण प्रतिसादांत निघेलच. तुमची टलशी ओळख कशी झाली ते लिहा. माझी काळा घोड्याच्या रिदम हाऊसमधून, कॅसेट, बाजू अ संपल्यावर पेन्सिल घालून फिरवलेली.

सदाफुली

छान लिहिलंय. मी यातलं काहीही ऐकलेलं नाही, तरी शेवटपर्यंत वाचलं. पण शीर्षकगीत ऐकायला गेले तर सगळीकडे फोटो एकच: दाढीवाला माणूस, डोळे फाडलेले, एका पायावर उभा, बासरी आडवी. आमच्या देवघरातला मुरलीधर निदान दोन्ही पाय जमिनीला टेकवून असतो. हे काय प्रकरण आहे?

रेघोट्या

@सदाफुली, त्याचीही गंमत आहे. तो एका पायावर उभा राहायचा ते माउथऑर्गन वाजवताना. दोन्ही हात वर, तोल जाऊ नये म्हणून माइकचा दांडा धरायचा आणि एक पाय दुमडायचा. कुणा वार्ताहरानं लिहिलं की हा एका पायावर उभा राहून बासरी वाजवतो. आता छापून आलंय म्हटल्यावर लोक तेच बघायला येणार, म्हणून बिचाऱ्यानं बासरी घेऊन सराव केला. आपला कृष्ण पाय दुमडून वाजवतो हे त्याला मागाहून कळलं.

पाभर

मी टल ऐकत नव्हतो, टल मला परीक्षेत आला होता.

हसू नका. कृषीच्या पोरांना विचारा. 'मशागतीचा जनक कोण?' चार पर्याय, उत्तर जेथ्रो टल. राहुरीला असताना हे इतक्या वेळा घोकलं की हॉस्टेलवर शेजारच्या खोलीतून कुणीतरी 'जेथ्रो टलचं गाणं ऐकतो का' म्हणाला तेव्हा मला वाटलं रॅगिंग चाललंय.

तर खऱ्या टलबद्दल दोन शब्द, कारण धाग्यात त्याला 'शेतीतज्ज्ञ' म्हणून एका शब्दात उरकलंय. हा १६७४ ते १७४१ मधला इंग्रज. १७०१ च्या सुमारास त्यानं घोड्यानं ओढायचं पेरणीयंत्र केलं. तोवर तिकडं बी मुठीनं फेकत होते. आणि १७३१ ला त्यानं पुस्तक लिहिलं, त्यात दोन ओळींमधली जमीन घोड्याच्या अवजारानं हलवत राहा असं सांगितलं. म्हणजे आपली कोळपणी. त्याला वाटायचं मुळं मातीचे बारीक कण खातात, म्हणून माती जितकी भुसभुशीत तितकं पीक जोमदार, शेणखत नको. कारण साफ चुकीचं, पण सल्ला बऱ्यापैकी बरोबर. असं फार कमी लोकांना जमतं.

आणि हो, आपल्याकडं तिफण काय टलसाहेबांनी पाठवली नव्हती. तीन फण, तीन नळ्या, वर चाडं, चाड्यावर बाईची मूठ, पुढं बैलजोडी. हे टलच्या आज्याच्याही आधीपासून चालू आहे.

दीडशहाणा

>> आज्याच्याही आधीपासून

आता इथे 'विमान पण आपणच शोधलं' सुरू होण्याआधी मूळ विषयावर येऊ या का? (हलकेच घ्या.)

पाभर

विमानाचं माहीत नाही. तिफण आमच्या वाड्यात आडव्या खुंटीला टांगलेली आहे, येऊन बघा.

दहावी मात्रा

तालाबद्दल लिहायचा मोह आवरत नाही.

'लिव्हिंग इन द पास्ट' ऐका, १९६९ चं. ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलेलं. साहेब लोक त्याला पाच-चारचा ठेका म्हणतात. आपण हात धरून बघितलं तर अर्ध्या मात्रेच्या हिशेबानं दहा येतात. दहा म्हटल्यावर माझ्यासारखा माणूस लगेच झपताल लावायला जातो: धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. लावून बघा, दुसऱ्या आवर्तनाला घसरता की नाही. कारण झपताल चालतो दोन-तीन-दोन-तीन, आणि यांचा बेस चालतो तीन-तीन-दोन-दोन. मात्रा तितक्याच, खंड वेगळे, म्हणून चालच वेगळी. पहिला अर्धा भाग लोळत जातो आणि दुसरा ताठ पावलं टाकतो. असल्या लंगड्या ठेक्याचं गाणं लोकांनी रेडिओवर गुणगुणावं, ही काही साधी गोष्ट नाही.

बासरीबद्दल. त्याची फ्लूट धातूची, चाव्यांची. आपली बांबूची, उघड्या भोकांची. पन्नालाल घोषांनी बत्तीस इंची मोठी बासरी केली ती ख्यालाची आस आणि मींड निघावी म्हणून. बोट भोकावरून हळूच सरकवलं की स्वर वितळतो. चावीवर बोट सरकवून तसा स्वर वितळत नाही. अँडरसन तिथं अडलाच नाही. मींड नाही तर नाही, त्यानं फ्लूट तोंडानं मारायच्या तालवाद्यासारखी वापरली. थुंकी, फुंकर, गुणगुण, सगळं ठेक्यात. कानाला खरखरीत लागतं, पण इलेक्ट्रिक गिटारच्या शेजारी टिकायचं तर दुसरा मार्ग तरी कुठला होता?

यात एक गोष्ट मला फार आवडते. वीसेक वर्षं जगभर वाजवून झाल्यावर त्याच्या मुलीनं शाळेत फ्लूट शिकायला घेतली, आणि तिचा धडा बघताना याला कळलं की आपली बोटं कित्येक स्वरांना चुकीची पडतात. मग चाळिशी उलटल्यावर हा गृहस्थ बसून पहिल्यापासून शिकला. आपल्याकडे किती नावाजलेले लोक हे कबूल करतील ते मनातल्या मनात मोजतोय.

सदाफुली

दहावी मात्रा, तुमच्या सांगण्यावरून टाळी धरली. तिसऱ्या आवर्तनाला घसरले. भावना पोहोचल्या.

मेटलबंधू

ग्रॅमीचा विषय निघालाय म्हणून आमच्या बाजूनं दोन शब्द.

मेटॅलिकाच्या ज्या अल्बमला डावललं तो 'अँड जस्टिस फॉर ऑल'. टलला ज्याच्यावर मिळालं तो १९८७ चा 'क्रेस्ट ऑफ अ नेव्ह'. दोन्ही एकापाठोपाठ ऐका. दुसऱ्यात हेवी काय आहे ते मला दाखवा, मी इथे जाहीर माफी मागेन. अँडरसनचा घसा तोवर बसलेला, खालच्या पट्टीत गातो, अर्ध्या गाण्यांत डायर स्ट्रेट्स ऐकतोय असं वाटतं. अल्बम वाईट नाही, चांगलाच आहे. पण मेटल? मत देणाऱ्यांनी यादीतलं ओळखीचं नाव बघून खूण केली, दुसरं काही नाही.

पुढच्या वर्षी ग्रॅमीनं गुपचूप हार्ड रॉक आणि मेटल वेगळे केले. आणि १९९२ ला मेटॅलिकाला पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांचा ड्रमर लार्स उलरिक यानं मंचावरून जेथ्रो टलचे आभार मानले, यंदा अल्बम काढला नाहीत म्हणून. हिशेब चुकता.

तरी टलचा आणि मेटलचा संबंधच नाही असं म्हणणाऱ्यांसाठी: अब्राहम्स गेल्यावर डिसेंबर १९६८ मध्ये थोडे दिवस टलमध्ये गिटारला कोण होतं? टोनी आयोमी. रोलिंग स्टोन्सच्या 'रॉक अँड रोल सर्कस'च्या चित्रीकरणात टोपी घालून मागे उभा आहे. परत बर्मिंगहॅमला गेला तो एक गोष्ट शिकून: टलवाले सकाळी नऊला तालमीला हजर असतात. त्यानं आपल्या पोरांनाही वेळेची शिस्त लावली, आणि त्या पोरांचं पुढे मेटलचा आद्य बँड ब्लॅक सबाथ झालं. आयर्न मेडन या मेटल बँडनं तर टलचं 'क्रॉस-आइड मेरी' स्वतः वाजवलंय. म्हणजे टल मेटल नाही, पण मेटलच्या बाळंतपणात गरम पाणी यांनीच आणून दिलं होतं.

रेघोट्या

गरम पाण्यासाठी १०० मोदक.

दीडशहाणा

आता कडू बोलायची पाळी माझी, कोणीतरी बोललंच पाहिजे.

मूळ लेखाचा सूर असा की समीक्षक दुष्ट, रसिक भोळे, अँडरसन बिचारा. मी 'अ पॅशन प्ले' चार वेळा पूर्ण ऐकलाय, म्हणजे जवळपास तीन तास. पुन्हा एक सबंध अल्बमभर एकच गाणं. रॉनी पिलग्रिम नावाचा माणूस मरतो, मग वर काय होतं त्याची कथा. 'थिक ॲज अ ब्रिक'मध्ये थट्टा होती, म्हणून लांबी चालून गेली. इथे तीच लांबी, पण आता हे खरोखर गंभीर आहेत की काय असा संशय येतो. आणि अगदी मधोमध, चष्मा हरवलेल्या सशाची गोष्ट! नाटकी आवाजात, बालनाट्यासारखी. मला कोणी सांगा, की मरणोत्तर प्रवासाच्या मध्यंतरात तो ससा काय करतोय.

पार्श्वभूमीही बघा. ब्रिटनमधला कर चुकवायला म्हणून फ्रान्सच्या एका वाड्यातल्या स्टुडिओत गेले. तिथं पोटं बिघडली, घरची आठवण यायला लागली, तासाभराचं ध्वनिमुद्रण टाकून परत आले, आणि थोड्या आठवड्यांत हे नवं उरकलं. घाईत केलेल्या कामात घाई ऐकू येते. १९७३ मध्ये ज्यांनी झोडपलं त्यांत 'मेलडी मेकर' या संगीत साप्ताहिकाचा क्रिस वेल्च होता, आणि हा माणूस आधी यांचं कौतुक करत आलेला. सगळेच वैरी नव्हते.

वर कळस म्हणजे बँडच्या व्यवस्थापकानं जाहीर केलं की समीक्षकांच्या वागण्यानं दुखावून टल आता मंचावर वाजवणार नाही. प्रसिद्धीची युक्ती! लोक हसले. रुसून बसलेल्या नवरदेवाची समजूत काढायला जाणारी मंडळी त्या वर्षी लंडनमध्ये नव्हती.

रेघोट्या

@दीडशहाणा, व्यवस्थापकाच्या त्या घोषणेबद्दल अँडरसनची बाजू अशी की हे त्याला न विचारता केलं गेलं आणि त्याला अतिशय लाजिरवाणं वाटलं. पण दुखापत खरी असावी. १९७४ च्या 'वॉर चाइल्ड'पासून तो पुन्हा तीन-चार मिनिटांच्या गाण्यांवर आला, पानभर लांबीचं काही केलं तरी अल्बमभर लांबीचं बरीच वर्षं केलं नाही.

तुझा मुद्दा मान्य, अर्धा. ससा मलाही कळला नाही. पण एक बघ: झोडपलेला तोच अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. त्या काळात टल अमेरिकेतली मोठमोठी क्रीडागारं भरत होते. लोकांना कळत नव्हतं म्हणायचं की कळत होतं म्हणायचं? मी आजही तो लावतो तेव्हा पहिली दहा मिनिटं वैताग येतो आणि नंतर उठून बंद करवत नाही. समीक्षकांना दोन-चार दिवसांत लिहून द्यायचं होतं. आपल्याकडे पन्नास वर्षं होती, हा फरक लक्षात घे.

दीडशहाणा

पन्नास वर्षं देऊनही ससा कळला नाही, हे नोंदवून ठेवतो.

दहावी मात्रा

जाता जाता, 'स्टँड अप'वरचं 'वी यूज्ड टू नो' ऐका आणि नंतर ईगल्सचं 'हॉटेल कॅलिफोर्निया' आठवा. कॉर्डची उतरंड जवळपास एकच आहे. १९७२ मध्ये ईगल्स टलच्या अमेरिकन दौऱ्यात आधी वाजवायचे, त्यामुळे कानावर पडलं असणार. अँडरसनला कोणी छेडलं तर तो म्हणतो चोरी वगैरे काही नाही, कॉर्डचा क्रम कुणाच्या मालकीचा नसतो. अगदी खरं. यमनावर कुणी सातबारा काढला तर आपलं अर्धं संगीत बेघर होईल.

लूटनवासी

नोकरीपायी बारा वर्षं लूटनमध्ये आहे. गावात टलचं नाव काढलं तर म्हातारी माणसं हसतात, तरुण म्हणतात, कोण?

मी त्यांना अलीकडे प्रत्यक्ष ऐकलंय, म्हणून थोडं. खरं सांगायचं तर आवाज गेलाय. १९८४ च्या 'अंडर रॅप्स'च्या दौऱ्यात घसा फाटला तो पूर्ण कधी भरला नाही, आणि २०२० मध्ये त्यानं स्वतःच सांगितलं की फुप्फुसांचा जुनाट आजार आहे. वरच्या जागा तो गात नाही, तिथं बोलून नेतो. माझ्या शेजारचे आजोबा त्या जागा त्याच्यासाठी गात होते, बेसूर, डोळे मिटून. बासरी मात्र तल्लख. एक पाय अजून उचलतो, पूर्वीइतका वेळ नाही.

मला खटकतं ते दुसरंच. मार्टिन बार आता नाही. 'ॲक्वालंग'मधला गिटारचा एकल तुकडा त्याचा. त्याच इमारतीत त्या वेळी लेड झेपेलिनचं ध्वनिमुद्रण चालू होतं, त्यांचा गिटारवाला जिमी पेज डोकवायला आला आणि काचेमागून हात हलवला. हात हलवून उत्तर द्यावं तर वाजवणं थांबणार, म्हणून बार नुसता हसला आणि वाजवत राहिला. असा माणूस २०१२ च्या आसपास बाजूला झाला. पुढे काही वर्षं अँडरसन स्वतःच्या नावानं वाजवत होता, आणि मग टलची पाटी पुन्हा लावली. पाटी तीच, दुकानात जुना एकच माणूस. तरी २०२२ चा 'द झेलट जीन' ब्रिटनमध्ये पहिल्या दहात गेला, १९७२ नंतर पहिल्यांदा. त्यानंतर २०२३ आणि २०२५ मध्ये आणखी दोन काढले. चाहते भांडतात, पण विकत घेतात.

मेटलबंधू

आणि रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये अजूनही नाहीत. १९९३ पासून पात्र आहेत. सहा कोटी तबकड्या विकल्या, तरी दाराबाहेर. रेघोट्याचं 'हे आमचं नव्हे' इथे पटतं.

कपिलाषष्ठी

पहिल्यांदाच लिहितेय या विभागात.

टल नव्वदच्या दशकातही मुंबईत वाजवून गेले होते, पण तेव्हा मी शाळेत. माझं टल म्हणजे २००८. अनुष्का शंकरबरोबर भारतात दौरा होता, मुंबईचा कार्यक्रम २९ नोव्हेंबरला. तारीख वाचलीत ना? २६ ला रात्री सीएसएमटी, ताज, ट्रायडंट. मी तेव्हा फोर्टात नोकरीला, त्या संध्याकाळी अर्धा तास आधी निघाले म्हणून सातची लोकल मिळाली. कार्यक्रम अर्थातच रद्द. तिकीट पाकिटात तसंच.

मला वाटलं, आता हे कसले येतात, पहिल्या विमानानं घरी जातील, आणि गेले असते तरी कुणी नावं ठेवली नसती. पण त्यांनी ५ डिसेंबरला वाजवलं. हल्ल्यातल्या बळींच्या मदतीसाठी कार्यक्रम म्हणून पुन्हा ठरवला, 'अ बिलियन हँड्स' नाव दिलं. आईनं जाऊ नको म्हणून सांगितलं होतं. मी गेले. काय काय वाजवलं ते आता नीट सांगता येणार नाही, खरं तर मी नीट ऐकलंच नाही. दाराशी तीनदा झडती झाली ते आठवतं, आणि शेजारी बसलेली अनोळखी बाई मला वाटीभर चिवडा देत होती ते.

समीक्षकांचं तुमचं चालू द्या. मी या बँडला नावं ठेवू शकत नाही.

सदाफुली

कपिलाषष्ठी, _/\_

पाभर

परत आलो. या धाग्यापायी दोन दिवस टल ऐकतोय, ट्रॅक्टरवर. १९७७ चा 'साँग्ज फ्रॉम द वुड' आणि १९७८ चा 'हेवी हॉर्सेस'. तोवर तिकडं पंकचा जोर, सगळे चामड्याची जाकिटं घालून शिव्या देतायत, आणि हा बाबा खेड्यात शेत घेऊन राहतोय आणि झाडं, मांजर, नांगराचे घोडे यावर गाणी करतोय. जमान्याच्या उलटं औत हाकणं म्हणतात ते हेच. पुढं यानं स्काय बेटावर सामन माशांची शेतीही केली, चांगली पैसे देणारी. म्हणजे नाव शेतकऱ्याचं उसनं घेतलं आणि शेवटी खरंच शेतकरी झाला.

'हेवी हॉर्सेस'बद्दल. सफोक, क्लाइड्सडेल, पर्शेरॉन, शायर अशी घोड्यांच्या जातींची नावं घेतलीत, जशी आपण खिल्लार, देवणी, लाल कंधारी म्हणू. ट्रॅक्टर आला आणि हे अवाढव्य घोडे संपले, त्याचं गाणं. म्हणतो, एक दिवस तेल संपेल तेव्हा पुन्हा तुम्हालाच बोलावू.

आमच्याकडं शेवटची जोडी २००६ ला विकली. वडलांनी बाजारात स्वतः नेली नाही, चुलत्याला धाडलं. त्या वर्षी पोळ्याला दावणीला काहीच नव्हतं, आईनं मातीचे बैल पुजले. आणि हे सगळं मी ट्रॅक्टरवर बसून ऐकत होतो. रोटाव्हेटर बंद करून बांधावर थांबलो थोडा वेळ. दीडशहाणा, हे गाणं जवळपास नऊ मिनिटांचं आहे. लांब वाटलं नाही.

दीडशहाणा

पाभर, याला मी काही बोलत नाही. तिफण बघायला येतो खरंच, दिवाळीनंतर.

पाभर

या. मका निघालेला असेल.

लूटनवासी

एक राहिलं. १२ एप्रिल २०११, गागारिनच्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली तो दिवस. अंतराळ स्थानकावर केडी कोलमन ही अमेरिकी अंतराळवीर फ्लूट वाजवत होती आणि खाली जमिनीवर अँडरसन. तीच बाखची बूरे. वर जाताना तिनं अँडरसनचीच एक फ्लूट बरोबर नेली होती.

सदाफुली

तिथं तर एका पायावर उभं राहायचीही सोय नाही!

रेघोट्या

सगळ्यांचे आभार, धागा मला वाटला त्याच्या दुप्पट गेला.

ताजी खबर: भाचा पुन्हा आला होता. म्हणाला, मामा, तुझं ते एका गाण्याचं लाव. 'थिक ॲज अ ब्रिक' लावलं, बारा पानी वर्तमानपत्र हातात दिलं (भावानं लंडनहून आणलेलं, जपून ठेवलंय). बावीस-तेवीस मिनिटांनी पहिली बाजू संपली, मी तबकडी उलटायला उठलो. तो शब्दकोड्यातून मान वर न काढता म्हणाला, "हं. आता गाणं सुरू होणार का?"

दीडशहाणा

पोरगं माझ्याकडे पाठव. सशाची गोष्ट ऐकवतो.